एकाच गाठीचे दोन रंग

पर्स

मागे एकदा फेरतपासणीला डोंबिवलीच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये बसलो होतो. समोरच्या बाकावर एक गृहस्थ बायकोची पर्स मांडीवर घेऊन बसले होते. बायको शेजारीच होती, तिचे दोन्ही हात मोकळे होते, तरी पर्स यांच्याकडे. आणि ती त्यांनी अशी धरली होती की आल्यागेल्याला लांबूनच कळावं, पेशंट ही आहे, मी नुसता सोबत आलोय.

मी त्यांना लगेच ओळखलं. म्हणजे माणूस ओळखीचा नव्हता, पर्स धरण्याची पद्धत ओळखीची होती.

आतून मुलगी आली आणि बाईंना म्हणाली, "चला काकू, आत." बाई उठल्या नाहीत. गृहस्थ भिंतीवरचा बोर्ड वाचायला लागले. तिथे एकच बोर्ड आहे, 'येथे गर्भलिंग निदान केले जात नाही'. तो मीही त्याच बाकावर बसून पाठ केला होता. शेवटी मला राहवेना. म्हटलं, "अहो, तुमचंच नाव असेल तर जा बिनधास्त. मी पण त्यातलाच."

ते माझ्याकडे बघून उठले. पर्स मात्र आत घेऊन गेले.

हे लिहितोय ते त्यांच्यासाठी. पुरुषाच्या छातीत गाठ होते, ती बायकांना होते तीच असू शकते, हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं. आणि कळल्यावरही मी ते कितीतरी दिवस मान्य केलं नाही, कारण मान्य करणं हा माझा धंदाच नाही.

खिसा

मी कळव्याचा, खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. वडील होडीवर होते. मी ठाण्याला एका सरकारी कचेरीत कागद पडताळतो. लोक दाखले आणतात, ते खरे की खोटे हे आम्ही बघतो. शिक्का कडेला नीट उमटलाय का, सहीची शाई वेगळी आहे का, खाडाखोड कुठे आहे. दिवसभर संशय घ्यायचा आणि महिनाअखेर त्याचा पगार घ्यायचा, असं हे काम. घरी आल्यावर बटण बंद करता येत नाही. दूधवाल्यापासून जावयापर्यंत (जावई अजून यायचाय) मी सगळ्यांकडे आधी कडेने बघतो.

शर्टाच्या डाव्या खिशात माझी दोन पेनं, चष्मा आणि भिंग. एक दिवस खिसा खुपायला लागला. मला पेनाच्या टोपणाचा संशय आला. पेन बदललं. मग चष्म्याच्या घराचा आला. तेही काढलं. रिकामा खिसाही खुपतोय म्हटल्यावर शिंप्याचा आला, शिंपीही बदलला. शेवटी आंघोळीच्या वेळी साबणाचा हात फिरला आणि कळलं की खुपणारी वस्तू खिशात नाही, खिशाच्या मागे आहे. स्तनाग्राच्या मागे, वाटाण्याहून मोठी, सरकवली तर न सरकणारी.

दुखत नव्हती. त्यामुळे मी तिला महत्त्व दिलं नाही. आमच्याकडे न दुखणारी गोष्ट आजारात धरत नाहीत.

अंगठा

माझी बायको भारती कळव्याच्या बाजारात मासळी विकते. तिच्या आईची जागा होती, आता ती बसते. मासा ताजा की शिळा हे बघायला तिच्याकडे दोन खुणा. अंगठ्याने दाबायचं. मांस टणक लागलं आणि बोट उचलल्यावर वर आलं, तर ताजं. खड्डा तसाच राहिला तर कालचं. दुसरी खूण कल्ल्याची. कल्ला उघडला की आत लाल हवा. निळसर, फिका दिसला तर हात लावायचा नाही. या दोन खुणांवर तिने घर चालवलंय, मुलगी शिकवलीय आणि मला आजवर एकही शिळं पापलेट खाऊ घातलेलं नाही.

तिला गाठ दाखवली तेव्हा ती ओल्या हाताने बाहेर आली, पदराला हात पुसला आणि अंगठा लावला. दाबलं, सोडलं, परत दाबलं.

"टणक हाय," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. चांगली टणक हाय. पू-बिऊ नाय. मऊ लागली असती तर मी घाबरले असते."

मलाही बरं वाटलं. आज हे लिहिताना कुणी हसलं तर हसू दे. तिच्या अंगठ्यावर मी आयुष्यभर जेवलो होतो, त्या अंगठ्यावर कसा संशय घेणार? सगळ्या जगात तेवढा एकच दाखला मी न पडताळता पास करत आलो होतो.

डोंबिवलीच का

तरीही खुपायचं थांबेना म्हणून दाखवलं, तर कळव्याच्या आमच्या डॉक्टरांनी ठाण्याच्या सर्जनकडे धाडलं. सर्जन शांत माणूस. हात लावून बघितलं, काखेतही चाचपलं, स्तनाग्र थोडं आत ओढलंय हे मला आरशात दाखवलं. मी म्हटलं, "वय झालं." ते म्हणाले, "वयाने दोन्ही ओढली असती." मग चिठ्ठी लिहिली. मॅमोग्राफी, सोनोग्राफी, आणि खाली अजून एक शब्द, इलास्टोग्राफी.

"हे काय?"

"गाठ किती टणक आहे ते सोनोग्राफीतच बघतात. अंदाज यायला मदत होते. डोंबिवलीला एक मॅडम हे चांगलं करतात, त्यांच्याकडेच जा."

"त्यांच्याकडेच" हा शब्द मी मनात अधोरेखित केला.

दुसऱ्या दिवशी कचेरीत शेजारच्या टेबलावरच्या साळवीला सांगितलं. साळवी माझ्यापेक्षा दोन पायऱ्या पुढचा संशयी. तो लिफ्टमध्येसुद्धा आधी तळ बघून पाय टाकतो.

"ठाण्यातली सेंटरं काय जळाली का?" साळवी म्हणाला. "डॉक्टर ठाण्याचा, पेशंट कळव्याचा, आणि मशिन डोंबिवलीचं. तुला यात काही दिसत नाही?"

"दिसतंय ना."

"आणि टणक आहे हे तुला माहितीय, वहिनींना माहितीय, डॉक्टरने पण हात लावून बघितलंय. मग टणक आहे हे सांगायला मशिन कशाला? कट असतो रे, कट."

मला ते शंभर टक्के पटलं. तरी गेलो, कारण भारतीने सुट्टी टाकली होती. बाजाराची सुट्टी ती कधी टाकत नाही. ती टाकली म्हणजे तिच्या अंगठ्यालाही कुठेतरी शंका आली असणार. हे मला तेव्हा कळलं नाही.

निळी

मॅमोग्राफीबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. दोन फळ्यांमध्ये धरायला माझ्याकडे जे काही होतं त्याची तिथल्या मुलीला काळजी वाटली, एवढंच सांगतो.

सोनोग्राफीला भारतीची पर्स घेऊन बसलो. मुलीने भारतीलाच आत नेलं, झोपवलं, "ब्लाउज काढा" म्हणाली. भारती म्हणाली, "माझा कशाला, माझ्या नवऱ्याची हाय ती." मुलगी बाहेर आली, बाकावरच्या सगळ्या बायका माझ्याकडे वळल्या आणि मी पर्ससकट आत गेलो.

मॅडम माझ्याच वयाच्या. थंडगार जेल लावून त्यांनी प्रोब फिरवला, मग एका जागी थांबून हलका हलका दाब द्यायला लागल्या. अगदी भारतीसारखा. दाबायचं, सोडायचं. "मऊ भाग दाबला की दबतो, टणक भाग दबत नाही," त्या म्हणाल्या. "तो फरक मशिन रंगात दाखवतं. श्वास रोखा जरा."

मी मान वळवून पडद्याकडे बघितलं. आजूबाजूला हिरवं, कुठे पिवळट, थोडं लाल, आणि मधोमध गाठ. गच्च निळी. खाडीला भरती आल्यावर सावलीत दिसते तशी.

"काही वाईट?" भारतीने विचारलं.

"रिपोर्टमध्ये लिहिते. बायोप्सी करून घ्या, उशीर नको."

रिपोर्ट इंग्रजीत होता. त्यात एक शब्द माझ्या कचेरीतला निघाला, 'सस्पिशस'. संशयास्पद. आमच्याकडे हा शेरा पडला की दाखला कपाटात जातो आणि माणूस फेऱ्या मारतो. हा शब्द इतकी वर्षं मी लोकांच्या कागदावर मारला होता. तो माझ्या छातीवर पडलेला बघून मला एकदम राग आला. यांनी काय म्हणून?

सर्जनने बायोप्सीची वेळ दिली. मी घरी सांगितलं, ऑफिसात ऑडिट आहे, पुढे ढकललीय.

लाल

ऑडिट नव्हतं. मी साळवीबरोबर विठ्ठलवाडीला गेलो. स्टेशनजवळ त्याच्या ओळखीचं सेंटर होतं, तिथेही हे मशिन आलेलं. डोंबिवलीचं काही सांगायचं नाही असं आमचं ठरलं. साळवीचा नियम आहे, दुसऱ्या साक्षीदाराला पहिल्याची साक्ष ऐकवायची नाही.

तिथले डॉक्टर घाईत होते. त्यांनीही दाबलं, सोडलं. मी पडद्याकडे बघितलं आणि माझा श्वास त्यांनी न सांगताच रोखला गेला.

गाठ लाल होती. गच्च लाल. आजूबाजूला सगळीकडे निळं.

"रिपोर्ट संध्याकाळी घेऊन जा," ते म्हणाले.

"फोटोचा कागद आत्ता द्या. रिपोर्ट नंतर बघू."

बाहेर चहाच्या टपरीवर साळवीने कागद उजेडात धरला. "बघ, मी सांगितलं नव्हतं?" तो म्हणाला, आणि काय सांगितलं होतं ते आम्हा दोघांनाही नीट आठवलं नाही. पण एक गाठ आणि दोन रंग, म्हणजे एक कोणीतरी खोटा, एवढं पक्कं. संध्याकाळचा रिपोर्ट घ्यायला मी गेलोच नाही. मला पाहिजे तो पुरावा मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवून भिंगाने तपासले. नाव तपासलं, वय तपासलं, डावी-उजवी बाजू तपासली. सगळं जुळत होतं, तरी डोंबिवलीच्या कागदावरचं चित्र दुसऱ्याच कोणाचं असणार, असा माझा निष्कर्ष झाला. बाईमाणसाचं. बाकावर इतक्या बायका होत्या.

त्या रात्री भारतीला तो विठ्ठलवाडीचा कागद धुवायच्या शर्टाच्या खिशात सापडला. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार, पण ती कागदाकडेच बघत राहिली.

"ही पण तुमचीच?"

"माझीच."

"ती निळी होती."

"होती ना. तेच तर."

तिने कागद खिडकीपाशी नेला. आणि मग ती जे बोलली ते एखाद्या डॉक्टरला सुचणार नाही, साळवीला सुचणार नाही, कोळणीलाच सुचेल. "टणक हाय, आतून लाल हाय. हे तर ताज्या मासळीचं लक्षण. निळी म्हणजे खराब. मग ही चांगली निघाली की." थोडं थांबून तिने डोळे बारीक केले. "पण लोक कल्ल्याला रंग पण लावतात. या विठ्ठलवाडीवाल्याने लावला नसेल कशावरून?"

म्हणजे घरात आता दोन संशयी झाले. मला डोंबिवलीचा संशय, तिला विठ्ठलवाडीचा. खुद्द गाठीचा मात्र दोघांनाही नाही. बायोप्सीची दुसरी वेळही गेली. सर्जनच्या दवाखान्यातून फोन आला तो मी उचलला नाही, आणि तिनेही "कोणाचा होता?" असं विचारलं नाही.

पट्टी

आमची मुलगी प्राची पुण्याला नोकरी करते. ती सुट्टीला आली, फ्रिजवर दोन्ही कागद चुंबकाने लावलेले बघितले (भारतीला ते येताजाता बघायचे असायचे) आणि विचारलं, "हे काय?" आम्ही सांगितलं. 

"बाबा, लिहिलंय काय त्याच्यात?"

"संशयास्पद लिहिलंय. पण ते त्यांचं मत."

"मग उद्या तिघं जाऊ आणि विचारू. तुम्ही भांडा वाटलं तर. पण जाऊ."

मी भांडायच्याच तयारीने गेलो. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये दोन्ही कागद, वर क्लिप. मॅडमच्या टेबलावर आधी विठ्ठलवाडीचा ठेवला, मग त्यांचा. आणि खुर्चीत मागे रेलून बसलो. समोरचा माणूस अडखळायची वाट बघत आम्ही असेच बसतो.

मॅडमनी दोन्ही बघितले. "छान केलंत, दोन ठिकाणी दाखवलंत," त्या म्हणाल्या. "दोघांचं एकच आलंय."

"एकच? हा निळा, हा लाल."

त्यांनी पेन्सिल घेतली आणि टोक कागदाच्या कडेला ठेवलं. तिथे चित्राच्या बाजूला रंगांची एक उभी बारीक पट्टी होती. वरपासून खालपर्यंत लाल, पिवळा, हिरवा, निळा. पट्टीच्या दोन टोकांना दोन बारकी अक्षरं, एक टणकाचं, एक मऊचं.

"हे बघा. आमच्या मशिनवर टणकाचं टोक निळं. त्यांच्या मशिनवर टणकाचं टोक लाल. बनवणाऱ्याने जो रंग ठरवला तो. म्हणून आम्ही आधी पट्टी वाचतो, मग चित्र."

मी कडेला बघत राहिलो. कडेला! जन्मभर मी कागदाची कडच बघत आलोय, शिक्का तिथे असतो म्हणून. दोन्ही कागद भिंगाखाली घातले होते. ती पट्टी मला दिसली होती. मला वाटलं, छपाईवाले शाई तपासायला मारतात तसली असेल.

"मग टणक म्हणजे..." भारतीने विचारलं.

"टणक म्हणजे काळजीचं. पण हेही नक्की नसतं. कधी टणक गाठ साधी निघते, कधी मऊ गाठ वाईट निघते. रंग हा अंदाज आहे. कुठे सुई घालायची, किती घाई करायची, तेवढं तो सांगतो. निकाल बायोप्सीचा. दोन मशिनांनी घाई करा म्हटलंय आणि तुम्ही रंगावर अडलात."

बाहेर आलो. प्राची रिक्षा बघायला गेली. भारती पायरीवर उभी राहून स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघत होती.

"मी मेलेलं दाबते," ती म्हणाली.

"काय?"

"बाजारात. मासा मेलेला असतो. त्याचं टणक चांगलं." तिने अंगठा मुठीत घेतला. "तुमी जिवंत माणूस. मला कळायला नको?"

मी म्हटलं, "मला तरी कुठे कळलं. मी भिंग घेऊन बसलेलो." त्यावर ती हसली नाही. तिची पर्स मी घेतली, यावेळी नुसती घ्यायची म्हणून.

एक अक्षर

बायोप्सीला आत टक् असा आवाज होतो, स्टेपलरसारखा. भूल दिलेली असते, आवाजच जास्त लागतो. मी प्रत्येक टक् ऐकून मनात म्हणत होतो, जोडला, अजून एक कागद जोडला.

निकालाच्या दिवशी सर्जननी विचारलं, "सोबत कोण आहे?" हा प्रश्न चांगल्या बातमीआधी कोणी विचारत नाही. मी म्हटलं, "बायको, मुलगी." त्यांनी त्यांनाही आत बोलावलं, आपली खुर्ची टेबलाच्या बाजूने पुढे आणली आणि सांगितलं. कॅन्सर आहे, लवकरच्या टप्प्यातला वाटतोय, ऑपरेशन करू.

भारतीने माझा दंड धरला. मी कागद मागितला. सवय. नाव बरोबर. वय बरोबर. त्यापुढे लिंग. तिथे छापलं होतं, स्त्री.

मला जो आनंद झाला तो मी सांगू शकत नाही. नोकरी लागली तेव्हा झाला नव्हता. "डॉक्टर, हा माझा नाही," मी म्हटलं. आवाज चढला असणार, कारण प्राचीने माझ्याकडे बघितलं. "हा एखाद्या बाईचा आहे. इथे बघा. अदलाबदल झालीय. लॅबला फोन करा."

सर्जन रागावले नाहीत. त्यांनी फोन लावला, स्पीकरवर ठेवला. पलीकडच्या माणसाने नंबर मागितला, मग सॅम्पलच्या काचा काढून बघितल्या, बाटलीवरची चिकटवलेली चिठ्ठी वाचली, कुठल्या बाजूची, कोणी काढली, सगळं. आम्ही चौघं त्या फोनकडे बघत बसलो. मी आयुष्यात इतक्या पडताळण्या केल्या, पण टेबलाच्या पलीकडे बसून वाट बघणं काय असतं ते त्या दिवशी कळलं.

"सॉरी सर," पलीकडून आवाज आला. "छातीचं सॅम्पल म्हणून सवयीने तसं टाइप झालंय. दुरुस्त करून पाठवतो. बाकी सगळं बरोबर आहे."

बाकी सगळं बरोबर होतं.

घरी येताना मी सर्जनला फोन केला. विचारलं, मी जो वेळ घालवला त्याने काही बिघडलं असेल का? ते म्हणाले, "काही आठवड्यांनी बहुतेक वेळा फार फरक पडत नाही. महिने घालवले असते तर मी हे म्हटलं नसतं. आता मोजत बसू नका." मी अजूनही अधूनमधून मोजतो.

प्राची

ती रागावली ती निकालामुळे नाही. सर्जन म्हणाले होते की पुरुषाला हा आजार झाला तर घरात रक्तातून आलेलं काही आहे का ते तपासून बघावं, मुलीने आणि माझ्या बहिणीने सल्ला घ्यावा.

"तुम्ही शर्टाचं खुपतंय म्हणून शिंपी बदललात," ती म्हणाली. "मला फोनवर काय सांगत होतात? सगळं मस्त. बाबा, ती गाठ तुमची एकट्याची नव्हती."

"तुला कशाला घाबरवायचं म्हणून."

"तुम्ही जगातल्या सगळ्यांवर संशय घेता. मी खरं ऐकू शकेन एवढा विश्वास ठेवता येत नाही?"

तिने तिची तपासणी करून घेतली. निकाल तिचा आहे. तो इथे लिहायला तिने मला परवानगी दिलेली नाही, आणि मी मागितली तेव्हा म्हणाली, "आता कसं वाटतंय?"

वॉर्ड

ठाण्याच्या ज्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं तिथे प्रश्न पडला की मला ठेवायचं कुठे. ही ऑपरेशनं बायकांच्या वॉर्डात. शेवटी मला हर्नियावाल्यांमध्ये टाकलं. शेजारच्या खाटेवर कल्याणचे एक काका होते, निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी पहिल्याच सकाळी विचारलं, "तुमचं काय?"

"छातीचं."

"हार्ट?"

"हं," मी म्हटलं.

झालं. दोन्ही बाजूंच्या खाटा मला जपायला लागल्या. कोणी मला हसवायचं नाही, झटका येईल म्हणून. काकांनी आपल्या नातेवाइकाकडून माझ्यासाठी लसणाच्या पाकळ्या मागवल्या. मग दुपारी ड्रेसिंगला सिस्टर आली आणि पडदा न ओढताच मोठ्याने म्हणाली, "चला, ब्रेस्टवाले काका, हात वर."

मी छताकडे बघत हात वर केला, जेमतेम वर गेला. सिस्टर गेल्यावर कल्याणचे काका उठून बसले. मला वाटलं आता खाट बदलून मागतील. मग त्यांनी आपला सदरा सारखा केला, इकडेतिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "म्हणजे आपल्याला पण बघायला पाहिजे का हो? कसं बघायचं?"

मी झोपल्या झोपल्या त्यांना दाखवलं. बोटं अशी सपाट धरायची, गोल फिरवायची, काखेपर्यंत जायचं. पलीकडच्या खाटेवरचाही बघत होता. संध्याकाळी भेटायच्या वेळी आलेल्या बायकांना दिसलं की हर्नियाच्या वॉर्डात पाच-सहा बाप्ये सदऱ्यात हात घालून पडलेत. एकीने सिस्टरला बोलावलं.

घरी सोडताना जखमेतून नळी बाहेर आली होती, तिला एक बाटली. पाणी साठतं तिच्यात, काही दिवस बाळगावी लागते. मी म्हटलं, ही घेऊन रिक्षात कसा बसू? भारतीने पर्स उघडली, सगळं सामान बाहेर काढलं आणि बाटली आत ठेवली. पट्टा माझ्या गळ्यात घातला. "घ्या," ती म्हणाली, "तुमाला सवय हाय."

मऊ

काखेतल्या ग्रंथी स्वच्छ निघाल्या, तिथे काही पसरलेलं नव्हतं. गोळी रोज घ्यायची आहे, पुष्कळ वर्षं. तिने अंगातून वाफा निघतात, आणि भारती म्हणते की आता कळलं का मला चाळिशीनंतर काय झालेलं. डाव्या खिशात आता पेन ठेवतो. मागे काही नाही, त्यामुळे ते नीट बसतं.

संशय गेला नाही. तो जाईल असं मला वाटत नाही, आणि जावा असंही नाही. त्याची दिशा बदलली, एवढंच. दर तपासणीला मी मॅडमच्या पडद्याकडे बघतो, पण आधी पट्टी. त्या म्हणतात, "वाचलीत? आता चित्र बघू?" साळवीने स्वतःच्या छातीत गाठ असल्याचा संशय घेऊन तीन ठिकाणी दाखवलं. तिन्हीकडे चरबी निघाली. त्याचा तिघांवरही विश्वास नाही.

राहिली उजवी बाजू. महिन्यातून एकदा ती मी स्वतः बघतो, मॅडमनी शिकवलं तसं. पण माझ्या बोटांवर माझा भरवसा नाही, ती कागदाची बोटं आहेत. म्हणून मग भारती बघते. बाजारातून आली की आधी लिंबाने हात धुते, पदराला पुसते. सपाट बोटं फिरवते आणि शेवटी, नाही म्हटलं तरी, अंगठा लावतेच. दाबते. सोडते.

"मऊ," ती म्हणते.

मी तिच्या अंगठ्याकडे बघत नाही. तिच्या तोंडाकडे बघतो. तिथे काही खाडाखोड आहे का, ते.

"परत बघ," मी म्हणतो.

ती परत दाबते, आधीपेक्षा जास्त वेळ. डोळे मिटून.

"मऊ हाय हो. बटर हाय नुसतं. मासळी असती तर फेकून दिली असती."